विषय: इमारतीच्या मॉडेलमध्ये जमिनीच्या कामाची साधने नसल्याबद्दल तक्रार

प्रति,
उत्पादन विकास व ग्राहक सेवा विभाग

महोदय / महोदया,

मी वास्तुविशारद आहे. गेली नऊ वर्षं तुमच्या इमारत मॉडेलिंग सॉफ्टवेअरच्या परवान्याचं दरवर्षी न चुकता नूतनीकरण करते आहे. भिंती, स्लॅब, जिने, दारं-खिडक्यांचे तक्ते या सगळ्यात तुमच्या सॉफ्टवेअरने माझे कष्ट खरोखर कमी केले आहेत. पण इमारत जिथे जमिनीला टेकते, नेमकी तिथेच त्याची मदत संपते. मदत कक्षाकडे मी हे तीनदा कळवलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं : साइटच्या कामासाठी स्वतंत्र सिव्हिल सॉफ्टवेअर वापरावे. हे उत्तर मला का पटत नाही, ते घडलेल्या प्रसंगावरूनच सांगते.

उतारावरच्या जागेवर शाळेची इमारत होती. मॉडेल आमच्याकडे, आणि ड्रेनेज व रस्त्यांचं काम सिव्हिल सल्लागाराकडे, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. इमारतीजवळच्या पहिल्या चेंबरची इनव्हर्ट लेव्हल, म्हणजे पाइपच्या आतल्या तळाची पातळी, ९८.६०० मीटर होती. तिथून ६४ मीटरवर आधीपासून असलेलं चेंबर, त्याची इनव्हर्ट ९७.९००. म्हणजे हाताशी ७० सेंटिमीटर. सल्लागारांनी १:१०० चा उतार धरला होता, त्याला ६४ सेंटिमीटर लागत होते. सहा सेंटिमीटर शिल्लक राहत होते, म्हणून सगळे निर्धास्त होतो.

पुढे भराव कमी करावा म्हणून जोतं १५० मिलिमीटरने खाली घ्यायचं ठरलं. मी मॉडेलमध्ये एक आकडा बदलला. भिंती, जिना, दारं, सेक्शन, सगळं आपोआप जुळलं. शौचालयांची जमीन खाली आली, तसं पहिलं चेंबरही खाली जाणं भाग होतं. हाताशी ५५ सेंटिमीटरच उरले आणि उतार १:११६ झाला. हे मॉडेलने सांगितलं नाही, कारण ते पाइप मॉडेलमध्ये चित्रासारखे जोडलेले होते. त्यांना उतार माहीत नव्हता, चेंबर माहीत नव्हतं आणि जोत्याशी त्यांचं काही नातं नव्हतं. नवी फाइल पाठवताना तो बदल माझ्याकडून ठळकपणे कळवायचा राहिला. चूक माझी होती, ती मी नाकारत नाही. चर खणून पाइप टाकायला घेतले तेव्हा नऊ सेंटिमीटरचा घोळ उघड झाला. खणलेला चर थांबवून मार्ग बदलावा लागला आणि एका तयार पायवाटेखालून पुन्हा खणावं लागलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की जोतं, जमीन आणि जमिनीखालचा पाइप हे एकच काम आहे. जोत्याचा आकडा बदलला की भिंत जशी हलते, तसा बाहेरचा उतार हलला पाहिजे. आणि पाइपला उतार पुरत नसेल, तर ते मला त्याच क्षणी दिसलं पाहिजे.

आता तुमच्या भूपृष्ठाच्या साधनाबद्दल. इमारतीखाली सपाट जागा केली की ते बाजूची माती सुरीने कापल्यासारखी उभी कापतं. प्रत्यक्षात तीन मीटर खोल उभी कड मोकळ्या मातीत कुणी ठेवत नाही, ठेवूही नये. तिथे माणसं काम करत असतात. एकास एक उतार दिला, तरी कडेच्या दर धावत्या मीटरला साडेचार घनमीटर माती जास्त निघते. चाळीस मीटरच्या कडेला १८० घनमीटर, तेही कोपरे न धरता. तुमच्या खोदकाम-भरावाच्या तक्त्यात ही माती कुठेच नसते. उकरलेली माती फुगते, साध्या मातीतही साधारण पाव पटीने, आणि भरून धुमस केल्यावर पुन्हा दबते. त्यासाठीही रकाना नाही. हा तक्ता मी कुठल्याही अंदाजपत्रकाला जोडू शकत नाही. दरवेळी वेगळ्या शीटवर हाताने हिशोब करते. मला हवंय ते इतकंच : सपाटीची कड निवडावी, उतार सांगावा, आणि तो उतार मूळ जमिनीला जिथे भेटेल ती रेषा सॉफ्टवेअरने काढून द्यावी.

सर्व्हेअर टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) घेतलेले बिंदू देतो, त्यांचे त्रिकोण जोडून पृष्ठभाग तयार होतो. पण नाल्याचा काठ, बांध, रिटेनिंग वॉलचा (माती अडवणाऱ्या भिंतीचा) माथा अशा ठिकाणी त्रिकोणाची बाजू त्या रेषेवरूनच गेली पाहिजे, रेषा ओलांडून नाही. तशी सक्तीची रेषा देण्याची सोय नसल्यामुळे तुमच्या मॉडेलमध्ये भिंतीच्या माथ्यावरून थेट नाल्याच्या तळाशी तिरपा त्रिकोण जातो आणि उभी भिंत घसरगुंडीसारखी दिसते. त्या रेषेवर मी हाताने शेकडो बिंदू टाकत बसते. रशियन गणितज्ञ दलोने यांनी त्रिकोणांची ही पद्धत १९३४ मध्ये मांडली आणि सक्तीच्या रेषांसह ती वापरणारी सॉफ्टवेअर कित्येक वर्षांपासून आहेत. तेव्हा अडचण तंत्राची नसावी.

निर्देशांकांचा त्रास तर रोजचा. सर्व्हे यूटीएममध्ये, म्हणजे नकाशाच्या मीटरमधल्या निर्देशांक पद्धतीत येतो; त्यात विषुववृत्तापासून उत्तरेकडचा आकडा सहज २० लाख मीटरच्या घरात. मॉडेल मूळ बिंदूपासून इतक्या दूर गेलं की रेषा थरथरतात आणि कोपरे जुळत नाहीत. संगणकाच्या ३२ बिटांच्या दशांश आकड्यात २० लाखांजवळ दोन शेजारच्या किमतींमध्ये साडेबारा सेंटिमीटरचं अंतर असतं. कारण बहुधा तेच. मदत कक्ष सांगतो, मॉडेल मूळ बिंदूजवळ आणा. मी आणते. मग प्रत्येक सल्लागाराला ते किती सरकवलं हे कळवत बसते, आणि एकाने जरी उलट चिन्ह घातलं तरी इमारत भलत्याच ठिकाणी जाते. शिवाय यूटीएमच्या मध्यरेषेवर प्रमाण ०.९९९६ असतं, म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर नकाशात ९९.९६ होतात. चार सेंटिमीटरचा हा फरक इमारतीच्या आखणीत चालत नाही. सरकवणं, फिरवणं आणि हे प्रमाण, तिन्ही एकाच जागी नोंदवून बाहेर पाठवताना आपोआप लागू व्हायला हवेत.

मी तुमच्याकडे महामार्ग किंवा धरण आखायचं साधन मागत नाही. इमारतीभोवतीचा प्रवेशरस्ता, पार्किंगचा उतार, रॅम्प, उतरत्या जमिनीबरोबर पायऱ्यांनी उतरणारी रिटेनिंग वॉल, पावसाच्या पाण्याची गटारं आणि चेंबरं, एवढ्यावर माझं काम भागतं. पार्किंगची फरशी आजही मला सपाट स्लॅब वाकवून करावी लागते. त्यावर पाणी कुठल्या दिशेने वाहील, हे दाखवणारा साधा बाणसुद्धा आपोआप येत नाही. पाणी जाळीकडे न जाता दाराकडे वळतंय हे पहिल्या पावसात कळावं, हे मला सहन होत नाही.

माहितीची देवाणघेवाण हाही अडसर आता सांगता येणार नाही. आयएफसी ४.३ हे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवाणघेवाण करण्याचं खुलं मानक आयएसओ १६७३९-१:२०२४ म्हणून प्रसिद्ध झालं आहे. त्यात रस्त्याची आखणी, खोदकाम, भराव आणि त्रिकोणी भूपृष्ठ यांना स्वतःचे घटक आहेत. तुमच्या सॉफ्टवेअरमधून मी निर्यात केलेली जमीन मात्र नुसती निर्जीव जाळी म्हणून बाहेर पडते. समोरच्याला त्यातून कंटूरही (समान उंचीच्या रेषाही) नीट काढता येत नाहीत.

स्वतंत्र सिव्हिल सॉफ्टवेअरचा दुसरा परवाना घेणं माझ्यासारख्या चार माणसांच्या कार्यालयाला परवडत नाही. परवडला तरी दोन मॉडेलमधली दरी तशीच राहते, आणि ते नऊ सेंटिमीटर त्या दरीतच हरवले होते.

माझ्या परवान्याचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आलं आहे. त्याआधी मला तुमच्या उत्पादन विभागाकडून लेखी उत्तर हवं आहे : उतारासह सपाटीकरण, सक्तीच्या रेषा आणि इनव्हर्ट लेव्हल जाणणारे पाइप यांपैकी काय, कोणत्या आवृत्तीत येणार आहे. काही येणार नसेल, तर तेही स्पष्ट लिहा, म्हणजे मला माझी व्यवस्था वेळेत करता येईल. वर सांगितलेल्या शाळेचं मॉडेल, पाइपच्या लेव्हल्स आणि मातीचा हाताने केलेला हिशोब मी सोबत जोडला आहे. तुमच्या विकासकांना हे प्रत्यक्ष पाहायचं असेल, तर मी वेळ काढून दाखवीन.

आपली,
एक परवानाधारक ग्राहक

सोबत : मॉडेलची फाइल, लेव्हल्सचा तक्ता, खोदकाम-भरावाचा हिशोब