डॉक्टरकाका, तुम्ही बूट मागवलेत

आदरणीय डॉक्टरकाका,
सा. न. वि. वि.

हे पत्र दवाखान्यात आणून न देता सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही त्या संध्याकाळी जे बघितलंत, विचारलंत, ते आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

राजगड उतरताना उजव्या पायाचा अंगठा एकाएकी बधिर झाला, तो दुसऱ्या दिवशीही तसाच. घरात निदानं तयार होती. मावशी म्हणाली शुगर, भाऊजी म्हणाले मणक्यात गॅप, शेजारच्या काकूंनी तर गरम पाण्याची बादलीच आणून ठेवली. बाबांचं मधुमेहापायी एक बोट काढावं लागलं होतं, त्यामुळे मी पुरती घाबरलेली. एमआरआयला किती लागतात याचीही चौकशी झाली होती.

तुम्ही आधी दोन्ही पावलं हातात घेतलीत, गार तर नाहीत ना म्हणून. मग पावलावर नाडी चाचपलीत. पाय अचानक गार, पांढरा पडून दुखायला लागला तर रक्तपुरवठा अडलेला असू शकतो आणि मग सकाळची वाट बघायची नसते, हे मला तेव्हा कळलं. टाचांवर चालवलंत, चवड्यांवर चालवलंत. हात जड वाटतो? बोलताना अडखळतेस? जांघेत बधिरपणा, लघवी अडकणं? सगळ्याला नाही. शुगर बहुतेक वेळा दोन्ही पायांना धरते आणि तीही हळूहळू, एका दुपारीत एका बोटाला नाही, असं म्हणालात. तरी रक्त तपासायला पाठवलंतच. साखर ठीक निघाली.

मग डोळे मिटायला सांगून कापूस फिरवलात. मला अख्खा अंगठा गेल्यासारखा वाटत होता; निघाला तो अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यातला टिचभर भाग! "इथली नस पावलाच्या वरून येते. ट्रेकचे बूट घेऊन ये." बूट नवे, उतारावर बोटं पुढे आपटू नयेत म्हणून लेस करकचून आवळलेली. गाठ जिथे बसत होती तिथे तुम्ही टिचकी मारलीत आणि थेट बेचक्यात झिणझिण्या आल्या.

औषध काय, तर त्या जागेवरची भोकं सोडून लेस ओवायची आणि काही दिवस सैल चप्पल. गरम पाणी बंद, कारण बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. (काकू अजून थोड्या रुसलेल्या आहेत.) बोट हळूहळू पूर्ववत झालं. एवढा वेळ देऊन पाय बघणारे डॉक्टर मिळणं हे नशीबच म्हणायचं. मनापासून आभार.

आता आईला घेऊन येते. तिच्या दोन्ही तळव्यांना मुंग्या येतात, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू आहे. त्या गोळीने बी-बारा जीवनसत्त्व कमी होऊ शकतं असं तुम्ही जाता जाता म्हणाला होतात, म्हणून ती तपासणी करून रिपोर्ट सोबतच आणतो.

तुमची,
राजगडवाली पेशंट