रिमोट डेस्कटॉपचे दार साऱ्या जगाला उघडे नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऐन कापसाच्या चुकाऱ्याच्या दिवसांत आमच्या दारव्हा तालुक्यातील एका संस्थेच्या शाखांना लॉगिन करता येईना, म्हणून मला बोलावणे आले. या संस्थेचा हिशेब मुख्य कार्यालयातील सर्व्हरवर असतो आणि खेड्यांतल्या शाखा रिमोट डेस्कटॉपद्वारे, म्हणजे त्या सर्व्हरचा पडदा इंटरनेटवरून आपल्या संगणकावर उघडून, तिथेच काम करतात. सर्व्हरवरील नोंदी उघडल्या, तर ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, ओळी संपता संपेनात. दर दोन-तीन सेकंदांनी कोणीतरी ‘कॅशियर’, ‘ब्रँच१’ अशी नावे लावून पाहत होते. चुकीच्या पासवर्डांमुळे खाती लॉक झाली, म्हणून आत कोणी शिरले नाही. पण शेतकऱ्यांचे चुकारे दोन दिवस अडले.

राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या पहाऱ्यात, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट (क्रमांक दिलेले दारच) जगातील कोणत्याही पत्त्यासाठी मोकळा ठेवलेला होता. बसवणाऱ्याने हे निष्काळजीपणानेच केले, असे मी म्हणणार नाही. खेड्यातली शाखा मोबाइलच्या इंटरनेटवर चालते. तिचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील ओळखीचा क्रमांक) वारंवार बदलतो आणि एकाच पत्त्यामागे कित्येक ग्राहक असतात. ठरावीक पत्त्यांनाच परवानगी द्यावी, तर लाइट जाऊन आली की शाखा बंद आणि फोन सुरू. त्या कटकटीवर उपाय म्हणून ‘एनी’ (कोणताही पत्ता चालेल) हा शब्द निवडला जातो आणि मग तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. अडचण खरी आहे, उपाय मात्र घातक आहे. पोर्टचा क्रमांक ३३९० केला की झाले, असेही काहीजण सांगतात. परंतु सगळे पोर्ट तपासत फिरणाऱ्या प्रोग्रामांना तो सापडायला वेळ लागत नाही.

मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉप सेवेतील ‘ब्लूकीप’ ही त्रुटी उघड झाली, तेव्हा पासवर्ड माहीत नसतानाही जुन्या विंडोजचा ताबा घेता येतो हे दिसले, आणि मायक्रोसॉफ्टला आधार (म्हणजे सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे) संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. आपल्याकडच्या कित्येक कार्यालयांत विंडोज ७ अजून सुरू आहे. त्याचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला.

यावर मार्ग आहे. ३३८९ बाहेरून पूर्ण बंद करावा, शाखांनी आधी व्हीपीएनने (इंटरनेटवरील खासगी, सुरक्षित मार्गाने) जोडून घ्यावे, आणि सर्व्हरच्या फायरवॉलमधील नियमाच्या ‘स्कोप’मध्ये (कोणत्या पत्त्यांना परवानगी, त्या यादीत) फक्त व्हीपीएनचे अंतर्गत पत्ते लिहावेत. मग शाखेचा बाहेरचा पत्ता कितीही वेळा बदलला तरी बिघडत नाही. दुसरा पर्याय गेटवेचा, म्हणजे मध्ये बसवलेल्या तपासणी-सर्व्हरचा, ज्यात ४४३ या एकाच पोर्टवरून, ओटीपीसह प्रवेश मिळतो. राउटरचे नियम बहुधा वरून खाली वाचले जातात, त्यामुळे जुनी ‘सर्वांना परवानगी’ ही ओळ वर राहिली, तर खालची सारी मेहनत वाया जाते. ती ओळ आठवणीने काढावी.

केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार अशा घटनांची माहिती ६ तासांत कळवायची आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. आम्ही पाहिले तेव्हा राउटरवर तीनच दिवसांच्या नोंदी शिल्लक होत्या.

संस्थांच्या संचालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की कोणता पोर्ट, कोणासाठी, का उघडा आहे, याची यादी सेवा देणाऱ्याकडून लेखी मागून घ्यावी आणि नव्या हंगामाची कापूस खरेदी सुरू होण्यापूर्वी ती सभेपुढे ठेवावी.

आपला,
एक संगणक तंत्रज्ञ,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ