बाबा, कानांचं तेवढं मनावर घ्या

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मिरजेहून परत आल्यापासून हे लिहायचं मनात होतं. फोन केला की आईच घेते, आणि मी काय म्हणाले ते तुम्हांला मोठ्यानं सांगते. हे मला थेट तुमच्याशी बोलायचंय बाबा, म्हणून पत्र.

आई, आधी तुझं. तीन महिन्यांची साखर ७.१ वर आली, फार बरं वाटलं. दोन दिवस गोड बंद करून हा आकडा हलत नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या दिवसांचा हिशोब त्यात असतो. ही तुझी खरी मेहनत आहे. गोळी मात्र आपल्या मनानं कमी करू नकोस.

बाबा, शनिवारी रात्री आपण तो नवा सिनेमा लावला आणि अर्ध्या तासात तुम्ही उठलात. 'हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात' म्हणालात. मलाही ते पटलं. पण रविवारी दुपारी 'कट्यार काळजात घुसली' लागला आणि तुम्ही शेवटपर्यंत हलला नाहीत. गाणं सुरू व्हायच्या आधी तुमचे ओठ हलायचे. सिनेमा २०१५ चा, पण नाट्यपदं १९६७ च्या नाटकातली. वसंतरावांचे खाँसाहेब तुम्ही रंगमंचावर पाहिलेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तुम्हांला ऐकू येत नव्हतं, आठवत होतं. संध्याकाळी आई 'बनगरवाडी' वाचून दाखवते तेव्हाही हेच होतं. माडगूळकरांचं पान न् पान तुम्हांला पाठ आहे. आईनं एक ओळ वाचली की पुढची तुमच्या मनातूनच येते. नवं पुस्तक काढलं की मात्र तुम्हांला झोप येते.

इथल्या ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करणाऱ्यांना, मी विचारलं. वयानं कान मंदावतात तेव्हा वरच्या पट्टीचे बारीक आवाज आधी जातात. आ, ओ, ऊ खालच्या पट्टीतले, ते राहतात. स, श, फ, थ निसटतात. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, 'सात' म्हणालं की 'हात' हे कळत नाही. टीव्हीचा आवाज वाढवला तर घर दणाणतं, शब्द अस्पष्ट तो अस्पष्टच. लहान मुलांचा आवाज तर आणखी अवघड. परवा चिऊनं विचारलं, 'आजोबा, तुम्ही लहानपणी काय खेळायचात?' तुम्ही म्हणालात, 'हो, जेवलो.' ती काही बोलली नाही. नंतर मला म्हणाली, आजोबांना माझ्याशी बोलायला आवडत नाही का?

बाबा, मी तुमचे कान ओळखते. सतारमेकर गल्लीतून जाताना तुम्ही मला तंबोऱ्याची जवारी, तारांचा तो गुंजणारा नाद, ऐकायला थांबवायचात. घोडीवरच्या तारेखालचा दोरा केसभर सरकला की आवाज कसा खुलतो, ते मला सात-आठ वर्षांची असताना दाखवलंत. उरुसात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं व्हायचं तेव्हा मी तुमच्या मांडीवर झोपायचे, आणि तुम्ही पहाटेपर्यंत ताठ बसून ऐकायचात. त्या कानांसाठी मी तपासणीचा हा हट्ट धरतेय.

दुसरंही एक आहे. 'अस्तु' सिनेमा पाहून आल्यावर तुम्ही दोन दिवस गप्प होता. संस्कृतचे एवढे मोठे पंडित, लेकीचीही ओळख विसरतात आणि हत्तीच्या मागे चालत जातात. 'असं व्हायला नको गं' एवढंच म्हणालात. 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर काही करता येतं अशा १४ गोष्टी मांडल्या, त्यांत कमी ऐकू येणंही आहे. कानाचं मशीन लावलं की स्मृतिभ्रंश टळतोच असं नाही. पण जे आपल्या हातात आहे ते का सोडायचं?

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवू, नुसता मळही असू शकतो. (सेफ्टी पिन घालणं आजपासून बंद, आणि गरम तेलही नको.) मग ऑडिओमेट्री. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं, काही दुखत नाही. मशीन लागलं तर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज कर्कश वाटेल. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, आणि मधूनमधून सेटिंग बदलून घ्यावं लागतं. शेजारच्या काकांनी चार दिवसांत काढून कपाटात ठेवलं, तसं करू नका. मी फोन करून रोज विचारणार आहे.

येत्या शनिवारी येतेय, नंबर लावून ठेवलाय. चिऊलाही आणतेय. लहानपणी काय खेळायचात ते ती पुन्हा विचारणार आहे. तिच्यासमोर बसा, तुम्हांला तिचे ओठ दिसतील असे.

तुमची,
मनू