छत्री दिली, असं सांगितलंय

ब्रिस्टल, १६ जुलै २०२४

प्रिय सुमे,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला एक फोन केला आणि त्यानंतर थेट आज लिहितेय. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुलं ढकलणं म्हणजे बोलणं नव्हे, हे मलाही कळतं. माझी साखर आटोक्यात आहे, दाताचं काम मिरजेला आल्यावर. प्रकृतीपुराण समाप्त.

शनिवारी टिंटर्नला जाऊन आले. हो, तेच, वर्ड्स्वर्थच्या कवितेमुळे आपल्याला ठाऊक असलेलं पडकं ॲबी, म्हणजे मठ. तारीख १३ जुलै, मुद्दाम; कवितेवर हीच तारीख आहे. ऋचाला वाटलं, ऊन पडलंय म्हणून आईला फिरायची हुक्की आली. इथून सेव्हर्नवरचा पूल ओलांडला की वेल्स लागतं, आणि तासाभराच्या आत आपण वाय नदीच्या काठी. बाई गं, केवढं आहे ते! आपल्या पुस्तकातल्या धुरकट चित्रात एखाद्या पडक्या वाड्याएवढं दिसायचं. इथे मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. खिडक्या आहेत, काच नाही; भिंती आहेत, छप्पर नाही; जमिनीच्या जागी गवत. दुरुस्ती चालू आहे, म्हणून बराच भाग परांचींनी वेढलेला. ११३१ साली पांढऱ्या झग्यातल्या सिस्टर्शियन साधूंनी इथे मठ मांडला, तो चारशे वर्षं चालला. मग आठव्या हेन्रीचा कायदा आला: वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले मठ बंद. टिंटर्नचं भरलं १९२. आठ पौंडांनी नापास! १५३६च्या सप्टेंबरात साधूंनी किल्ल्या दिल्या, आणि मग छपराचं शिसं उतरवून नेलं. छप्पर गेलं की पाऊस उरलेलं बघतोच.

तर आता कबुली. तू जिंकलीस. कवितेत ॲबी नाही. शीर्षकात आहे, तेही ‘काही मैल वर’ म्हणून, आणि वर म्हणजे डोंगरावर नव्हे, नदीच्या उगमाकडे. मी ऋचाला त्या दिशेला गाडी न्यायला लावली. दोन वळणांनंतर ॲबी गायब. झाडी, शेतं, कुंपणं, नदी. मी तीस वर्षं टी.वाय.च्या पोरींना सांगत आले की भग्नावशेषांत उभं राहून कवीला बालपण आठवतं. परीक्षेत त्यांनी तेच लिहिलं आणि मी त्यावर मार्क दिले. त्यांच्यातल्या निम्म्या आता मास्तरणी आहेत, म्हणजे बघ.

एक मात्र सरांनी सांगितलं नव्हतं, दादाने सांगितलं होतं, आठवतं? १७९३ साली पहिल्यांदा इथे आलेला तेवीस वर्षांचा वर्ड्स्वर्थ फ्रान्समध्ये बाई नि तान्ही पोर ठेवून आला होता, आणि मध्ये युद्ध उभं. सरांच्या वर्गात तो नुसता हरणासारखा उड्या मारायचा. तू तेव्हा म्हणालीस, ‘म्हणजे पळत होता.’ दादाला ते लागलं. तिथूनच सुरू झालं सगळं. ॲबी ही नुसती सबब.

आता ज्यासाठी लिहितेय ते.

मी तिथून दादाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेतीन वाजले होते, वहिनीने त्याला नुकतं उठवून बसवलं होतं. वर्षभरात किती खाली आलाय ते तुला कोणी सांगितलंय का माहीत नाही. ऋचा कोण, हे दोनदा विचारलं. मी फोन फिरवून खिडक्या दाखवल्या. म्हटलं, दादा, टिंटर्न. आणि सुमे, त्याने सुरुवात केली. पाच वर्षं, पाच उन्हाळे, पाच लांबलचक हिवाळे... अडखळला नाही. वीस-बावीस ओळी तरी असतील. तोच चढा आवाज, ओळीच्या शेवटी तोच दम. परांचीखाली एक जोडपं थांबून ऐकत होतं. मग मध्येच थांबला आणि अगदी साधेपणाने म्हणाला, ‘नले, सुमन गेली का? पाऊस आहे. तिला छत्री दिलीस ना?’

बेचाळीस वर्षं, सुमे. ह्या बेचाळीस वर्षांत त्याने तुझं नाव माझ्यासमोर काढलं नव्हतं. आणि तुला माहीत आहे, छत्री माझ्या हातात होती. मी दारापर्यंत आले होते. तू फाटकाची कडी लावत होतीस, लागत नव्हती, आणि मी हाक मारली नाही. तेव्हा मी त्याच्या बाजूची होते. कशाच्या बाजूची ते आजही सांगता येणार नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीला भावाची बाजू असते, एवढंच.

मी म्हणाले, ‘हो दादा, दिली.’

‘मग ठीक,’ म्हणाला, आणि चहा मागितला.

तेव्हापासून झोप नाही. वहिनीचं म्हणणं, चुकलं की सुधारावं, नाहीतर माणूस वाहवत जातो. डॉक्टर म्हणतात वाद घालू नका, होला हो करा. मी होला हो केलं. पण त्या संध्याकाळची आठवण असलेली माणसं तीनच, आणि एकाच्या डोक्यात मी आता भलतीच छत्री घालून ठेवली. वर्ड्स्वर्थ म्हणे ही कविता मनातल्या मनात रचत चालत राहिला, ब्रिस्टलमध्ये शिरता शिरता पुरी केली आणि नंतर एक ओळ बदलली नाही. मी त्याच रस्त्याने परतले, बदल करून.

आणखी एक सतावतंय. शेवटी तो बहिणीकडे वळतो ना, की पुढे तुझं मन ह्या सगळ्याचं घर होईल, मी नसलो तरी तू आठवशील. डॉरथी तेव्हा सव्वीस वर्षांची. तिचं पुढे काय झालं हे मी पोरींना कधी शिकवलं नाही, प्रश्न येत नसे. १८३५च्या सुमारास तिचं डोकं ढळत गेलं, आणि १८५५ला जाईपर्यंत वीस वर्षं ती घरातच होती. भाऊ तिच्या आधी पाच वर्षं गेला. पण कविता म्हणायची, तोंडपाठ. आमच्याकडे उलटं झालंय. भाऊ विसरतोय आणि घर मी, आणि हे घर खोटं बोलतं.

पुरे. तुला आवडेल असं एक सांगते. मेमध्ये वहिनीने दादाचं काळं कपाट उघडलं. चावी तो कुणाला देत नसे. तळाशी दोऱ्याने बांधलेला कागदांचा गठ्ठा. तिने मला फोन केला, आवाज कापत होता. मलाही वाटलं, आता तुझी पत्रं निघणार. निघाल्या लाँड्रीच्या पावत्या, १९८६ ते ९१. तुझ्या ऑस्टिनबाईच्या ‘नॉर्दँगर ॲबी’त कॅथरीनच्या हातीही जुन्या कपाटातून धोब्याचीच बिलं लागतात, ते आठवून मी इतकी हसले की वहिनी रागावली. (त्या बाईचंही बघ, १८०३ साली ती कादंबरी दहा पौंडांना विकली, प्रकाशकाने छापलीच नाही, शेवटी तेवढ्याच पैशांत परत घ्यावी लागली, आणि पुस्तक आलं ते ती गेल्यावर. तुझा एम.फिल.चा प्रबंध अजून माळ्यावरच ना? असू दे. मी काही बोलत नाही.)

अमित बंगळूरला गेला हे कळलं. घर मोठं वाटत असेल. भिशी सोडू नकोस. प्रमिलाने पैसे दिले का?

ऋचा म्हणते ऑक्टोबरपर्यंत राहा. तिकीट बदलायला किती पडतात ते मी तिच्या नकळत बघून ठेवलंय, पण गेले तर पोरीला वाटेल तिच्याकडे करमलं नाही, आणि राहिले तर रोज साडेतीन वाजले की पोटात गोळा येतो. तू कोल्हापुरात, मिरज तासा-दीडतासावर. जा असं मी म्हणणार नाही, तो हक्क मी त्या फाटकापाशीच घालवला. पण गेलीस आणि त्याने विचारलं, तर काय सांगायचं ते तूच ठरव. भिजलीस असं सांगितलंस तरी मला चालेल.

फक्त दोन ते साडेतीन जाऊ नकोस, दोघं झोपलेली असतात. आणि फाटकाची कडी अजून तशीच आहे, उचलून मग ओढावी लागते.

तुझी,
नली

ता.क. ॲबीच्या दुकानातून तुझ्यासाठी चहाचा टॉवेल घेतलाय. त्यावर ॲबी आहे, कविता नाही. म्हटलं, फिट्टंफाट.