दहावीच्या परीक्षेला पोरगं उसाच्या फडात, मग आयटीआय कोणासाठी?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

केजला माझं मोटार भरायचं, म्हणजे जळलेल्या मोटारीचं वायंडिंग नव्याने करायचं, दुकान आहे. सबमर्सिबल, थ्री फेज, जळून येईल ते भरतो. हाताखाली पोरं लागतात आणि येतातही, पण बहुतेक आठवी-नववीतून शाळा सुटलेली. आयटीआय झालेला एखादा येतो तर त्याच्याकडे इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट असतं पण जळलेली मोटार त्याने कधी उघडलेलीच नसते, कारण तिथे प्रॅक्टिकलला सामानच नव्हतं म्हणतो. त्यात पोरांचा काय दोष?

2015 ला स्किल इंडिया आलं तेव्हापासून कौशल्य कौशल्य ऐकतोय. गरिबी हटवायची तर हाताला काम शिकवा, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण बीड जिल्ह्यातलं गरिबाचं लेकरू त्या वर्गापर्यंत पोचतं का हे कोणी बघतच नाही. आयटीआयच्या चांगल्या ट्रेडला दहावी पास लागते. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हा मायबाप सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात ऊस तोडत असतात, दसरा-दिवाळीलाच मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन गेलेले, आणि पंधरा-सोळाचं पोरगं म्हणजे घरचा अर्धा कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता), त्याला गावात ठेवून खायला कोण घालणार? पोरींचं तर लग्नच उरकतात, कारण कोयता जोडीचा लागतो. शिक्षण हक्क कायदा 14 वर्षांपर्यंतच, त्यापुढे शाळा सुटली तरी कोणी विचारायला येत नाही.

नवीन शैक्षणिक धोरणातच छापलंय की 19 ते 24 वयातल्या 5 टक्क्यांपेक्षा कमी लोकांना रीतसर व्यवसाय शिक्षण मिळालेलं, जर्मनीत हेच 75 टक्के आणि दक्षिण कोरियात 96. जर्मनीचं उदाहरण सगळे देतात पण तिथे पोरगं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम शिकतं, उरलेले शाळेत, आणि कंपनी त्याला पगार देते, हे मात्र सांगत नाहीत. आपल्याकडे मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, बारावीला 6 हजार, आयटीआयला 8 हजार, पदवीला 10 हजार. चांगली गोष्ट आहे, पण ते पैसे शिक्षण झाल्यावर. आयटीआयच्या दोन वर्षांत जे विद्यावेतन मिळतं त्यात खोलीचं भाडंही निघत नाही, आणि गरिबाचं पोरगं नेमकं तिथेच गळतं.

अप्रेंटिसचा कायदा 1961 चा. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं सक्तीचं. वाळूज, चिकलठाण्याच्या एमआयडीसीला ते ठीक आहे, जालन्याच्या स्टीलवाल्यांनाही. पण केज, धारूर, पाटोद्यात कारखाने कुठे आहेत साहेब? इथे दुकानं आहेत. ट्रॅक्टरचं गॅरेज, वेल्डिंग, मोटार रिवायंडिंग, दोन-तीन माणसांची. खरं काम पोरं इथेच शिकतात आणि आमच्यासारख्यांना त्या कायद्यात जागाच नाही, त्यामुळे आमच्याकडे चार वर्षं घासलेल्या पोराकडे दाखवायला कागद नाही आणि कागदवाल्याला काम येत नाही.

आता शिवारात सोलर पंप बसलेत. पाच वर्षं कंपनी बघेल. त्यानंतर पंप चालवणारा कंट्रोलर गेला तर शेतकऱ्याने कुठे जायचं? हे काम तालुक्यातल्या पोरांना आत्ताच शिकवलं तर कितीतरी जणांना गावातच रोजगार मिळेल, फडात जायची गरज राहणार नाही.

म्हणून आपल्या पेपरमार्फत सरकारला विनंती आहे. ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठीची हंगामी वसतिगृहं दिवाळीआधीच सुरू करा आणि नववी-दहावीच्या पोरापोरींना त्यात घ्या. आयटीआयवाल्यांना तीन दिवस वर्गात आणि तीन दिवस तालुक्यातल्या दुकानात पाठवा, आमची दुकानं त्यासाठी नोंदवून घ्या, आणि त्या काळात पोराला घरी देता येईल एवढं विद्यावेतन दरमहा खात्यात टाका. आमच्या दुकानात शिकलेल्या पोरांची परीक्षा घेऊन त्यांनाही सर्टिफिकेट द्या. माझ्या दुकानात दोन पोरांची सोय मी उद्यापासून करायला तयार आहे, शिकवायचे पैसे नकोत.

आपला नियमित वाचक,
केज, जि. बीड