सूचना : ट्रान्सफरच्या गप्पांबद्दल

मंडळी, नमस्कार.

फुटबॉलची ट्रान्सफर विंडो (खेळाडूंनी क्लब बदलण्याचा काळ) उघडल्यापासून ग्रुपवर रात्री दोनपर्यंत 'हा येतोय, तो जातोय' चालू असतं. चालू द्या. पण 'डील पक्कं' असं ठोकून देण्याआधी क्लबची अधिकृत घोषणा बघा. परवा नव्या जर्सीतल्या खेळाडूचा फोटो तासभर फिरला, आणि जर्सीवरचा स्पॉन्सर दोन वर्षांपूर्वीचा निघाला. (फोटो मीही पुढे पाठवला होता, म्हणून नाव कोणाचंच घेत नाही.)

आकडा टाकताना युरो की पौंड, ते लिहा. २०१७ मध्ये नेमारसाठी पॅरिसच्या पीएसजी क्लबने मोजलेले २२ कोटी २० लाख हे युरो होते. ते आर्सेनलने डेक्लन राईससाठी मोजलेल्या पौंडांशेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही.

लीगची तुलना करताना नुसते गोल मोजू नका. हालांडने २०२२-२३ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ३६ मारले, केनने पुढच्याच मोसमात जर्मनीच्या बुंडेसलीगामध्ये ३६. पण जर्मनीत संघ १८, म्हणजे सामने ३४, इंग्लंडमध्ये ३८. शिवाय केनच्या त्याच मोसमात त्याचं बायर्न तिसरं आलं आणि लेव्हरकुसेनने एकही सामना न हरता लीग नेली. तेव्हा 'तिकडे बायर्नशिवाय आहे कोण' हे वाक्य आता बंद.

आणि 'फार्मर्स लीग' हा दुबळ्या लीगला मारायचा टोमणाही. आपल्यातल्या निम्म्यांच्या घरी ऊस आहे.

स्क्रीनिंगची वर्गणी राहिलेल्यांनी शनिवारपर्यंत द्यावी. प्रोजेक्टरवाला उधारी ठेवत नाही.

– ॲडमिन