'उल्लेखनीय कार्य' म्हणजे नेमकं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सत्काराच्या बातम्या आपण आवर्जून छापता, याचा मनापासून आनंद वाटतो. फक्त एक विनंती आहे. सत्कार कुणाच्या हस्ते झाला, व्यासपीठावर कोण कोण होतं, हे बातमीत सविस्तर असतं. ज्यांचा सत्कार झाला त्यांनी केलं काय, ते मात्र 'उल्लेखनीय कार्य' या दोन शब्दांत आटोपतं. हे दोन शब्द उलगडून सांगावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

माझी आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळली तेव्हा अकरा रात्री मी वॉर्डात तिच्या उशाशी होते. रात्रपाळीच्या सिस्टर दर दोन तासांनी यायच्या. इतरांची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता, मोबाइलच्या उजेडात आईला कुशीवर वळवायच्या, पाठीला उशीचा टेकू द्यायच्या, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली घडी घातलेली चादर सरकवायच्या. माकडहाडापाशी कातडी लाल दिसली तर बोटाने दाबून लाली जाते का ते बघायच्या, वेळ कागदावर टिपायच्या आणि पुढच्या खाटेकडे वळायच्या. एकदा मी म्हणाले, "सिस्टर, आत्ताच डोळा लागलाय तिचा, राहू द्या ना." त्या म्हणाल्या, "ताई, झोप परत लागेल. पडून पडून जखम झाली तर महिनोन्महिने भरत नाही." आई घरी आली तेव्हा तिच्या पाठीवर साधा ओरखडाही नव्हता. न झालेल्या जखमेचा फोटो निघत नाही. पण त्या अकरा रात्रींचं सगळं श्रेय त्या सिस्टरांचं, असं मी आजही घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

डॉक्टरांचंही तसंच. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना 2022 साली पद्मश्री मिळाली, हे अनेकांना ठाऊक आहे. पण कोकणात लाल विंचू चावला की माणसं पटापट दगावत, त्या काळात महाड परिसरात काम करताना त्यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, हृदयावरचा ताण यांच्या नोंदी ठेवल्या. त्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोहोचवल्या. आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या विषावर लागू पडतं हे दाखवून दिलं. पुरस्काराच्या बातमीपेक्षा ही हकीकत किती मोठी आहे! आडगावातला एखादा तरुण डॉक्टर ती वाचेल, तर स्वतःच्या केसपेपरकडेही वेगळ्या नजरेने बघेल.

डॉ. दिलीप महालनबीस यांचं उदाहरण आठवलं की वाईट वाटतं. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची (कॉलराची) साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रुग्णांना पाजायला लावलं, तेही नातेवाइकांच्या हातून. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांपर्यंत खाली आलं. त्यांना पद्मविभूषण जाहीर झाला 2023 साली, मरणोत्तर. निदान जे हयात आहेत त्यांचं काम तरी वेळेवर लोकांपुढे यायला हवं.

आणि सन्मान डॉक्टरांपाशीच थांबू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून 'आरोग्यदूत' केलं. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शनही द्यायच्या. त्या गावांमधला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं संशोधन 1999 साली प्रसिद्ध झालं. ते 62 टक्के त्या बायकांच्या पायपिटीतून आलेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रक्तगट जुळवणारे तंत्रज्ञ, उष्णतेने लस खराब झाली की गडद होणाऱ्या, लशीच्या बाटलीवरच्या चौकोनाचा रंग बदललाय का हे डोस भरण्याआधी बघणाऱ्या परिचारिका, यांच्याबद्दलही कधीतरी सविस्तर वाचायला मिळावं.

12 मे हा परिचारिका दिन. त्या अंकासाठी आधीच्या एखाद्या रात्री वार्ताहराला, रुग्णालयाच्या परवानगीने, वॉर्डात बसवाल का? रात्री दोन वाजता आणि पुन्हा चार वाजता तिथे काय चालतं, तेवढंच त्यांनी लिहावं.

आपली,
एक नियमित वाचक